कलम रद्द झालं, अटक चालूच: पोस्ट टाकणाऱ्याला उचलायची घाई नक्की कुणाला असते?

खारफुटी

आमच्या एका ग्रुपवर परवा फॉरवर्ड फिरत होता, "स्टेटसला काहीही ठेवू नका, ६६-ए खाली थेट आत." खाली सहा-सात जणांनी हात जोडलेले. मी लिहिलं की बाबांनो, आयटी कायद्यातलं हे कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. त्यावर एक सद्गृहस्थ म्हणाले, "कोर्टाने केलं असेल, पोलिसांनी केलंय का?" विनोद म्हणून सोडून देणार होते, पण गृहस्थ फार चुकीचं बोलत नव्हते, म्हणून हा धागा.

मी पालघर भागातली. इथलं प्रकरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण क्रम बहुतेकांच्या लक्षात नसतो आणि सगळी गोम त्या क्रमातच आहे. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा आणि मुंबईसह आसपास कडकडीत बंद. इथल्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जन्मतात, रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला. आणि हा बंद आदरापोटी नसून सक्तीचा आहे. एका मैत्रिणीने ते लाइक केलं. फक्त लाइक. थोड्या वेळात पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्यावर जमाव गेला, तोडफोड झाली. आणि पोलिसांनी अटक केली या दोघींना! आधी धार्मिक भावना दुखावल्याचं २९५-ए लावलं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यात धर्म कुठेच नाही, मग ५०५(२) आणि ६६-ए. पंधरा-पंधरा हजारांच्या जामिनावर सुटका. पुढे तोडफोड करणाऱ्यांनाही पकडलं, पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुलींवरचा खटला गुंडाळला गेला. पण पहिल्या रात्री कायदा कुणाच्या दिशेने धावला ते बघा.

हे वाचून दिल्लीतली श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६-ए पूर्ण रद्द केलं. निकालपत्र मोठं आहे, पण कणा सोपा आहे. एखाद्या विषयावर चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणं वेगळं, आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कितीही झोंबल्या तरी सरकारने हात लावायचा नाही. "त्रासदायक", "गैरसोयीचं" हे असले शब्द गुन्ह्याच्या व्याख्येत असतील तर ठाणे अंमलदाराच्या मूडवर माणूस आत जातो, असं कोर्टाचं म्हणणं.

मग? मग काहीच नाही. २०२१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सुप्रीम कोर्टापुढे आकडे ठेवले. मेलेल्या कलमाखाली निकालानंतर सर्वात जास्त गुन्हे दाखल करणारं राज्य आपलं, ३८१. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा हुकूम काढावा लागला की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

आता ६६-ए लावत नसतीलही, पण त्याची गरज उरलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसला ५ ऑगस्ट (काश्मीरचं ३७० हटवलं तो दिवस) हा काळा दिवस असं ठेवलं आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले ठाण्यात १५३-ए, म्हणजे गटागटांत तेढ पसरवल्याचा गुन्हा. हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टात न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी रद्द केला, आणि वर म्हटलं की पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, पुण्यात एकोणीस वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरवरची कुणाची तरी पोस्ट पुढे ढकलली, दोन तासांत काढली, माफी मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं आणि पोलिसांनी ऐन परीक्षेत येरवड्यात पाठवलं. हायकोर्टाने २७ मे ला सोडायला लावलं आणि सरकारला व कॉलेजला चांगलंच सुनावलं.

कोर्ट शेवटी बरोबर निकाल देतं, हे मान्य. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. या तिन्ही प्रकरणांत अटक किंवा गुन्हा हा कायदा वाचून झालेला नाही, कुणीतरी चिडलंय म्हणून झालाय. चिडलेल्यांना शांत करायचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे बोलणाऱ्याला आत टाकणं. म्हणजे सेन्सॉरची कात्री सरकारच्या हातात आहे असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती ठाण्याबाहेर जमणाऱ्या गर्दीच्या हातात आहे आणि सरकार फक्त धार लावून देतं. हे चुकतंय का, आणि यावर खालच्या पातळीवर काय करता येईल?

पक्षांची उणीदुणी कृपया नकोत. २०१२ ला सत्तेत कोण होतं आणि २०२५ ला कोण, हे सगळ्यांना माहीत आहे.

---

मूषकराज

पहिला मी.

पण ताई, माझ्या भावना दुखावल्या तर मी जायचं कुठे? आमच्या वॉर्डात भावनांचा दवाखाना नाही, पोलीस ठाणं मात्र कोपऱ्यावरच आहे.

---

पंचगंगाकाठ

मूषकराज, तुम्हाला चेष्टा सुचत्या. आम्ही ७ जून २०२३ बघितलाय कोल्हापुरात.

आदल्या दिवशी शिवराज्याभिषेक दिन. कुणीतरी पोरांनी औरंगजेब-टिपूचे स्टेटस ठेवले. दुसऱ्या दिवशी शिवाजी चौकात ही गर्दी, बंद, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. गरिबाच्या हातगाड्या पालथ्या केल्या. नेट बंद. माझं दुकान लक्ष्मीपुरीत, शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. ज्यांनी स्टेटस ठेवले त्यांना एवढं कळत नसेल की त्या दिवशी त्या गावात हे ठेवल्यावर काय होणार?

धागा चांगला आहे, मेहनत दिसते. पण चर्चा, पुरस्कार, चिथावणी ही वाटणी दिल्लीत बसून बरी वाटते. इकडं एकच ओळ सकाळी चर्चा असते आणि संध्याकाळपर्यंत चिथावणी होते, राव. पोलिसांनी थांबायचं कुठपर्यंत? दुकान जळल्यावर?

---

खारफुटी

पंचगंगाकाठ, दुकानाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्हीच लिहिलंत ते परत बघा. हातगाड्या कुणी पालथ्या केल्या? स्टेटसवाल्या पोरांनी? औरंगजेबाचं कौतुक मला किळसवाणं वाटतं. पण दगड ज्याच्या हातात होता तो आधी, आणि मोबाइल ज्याच्या हातात होता तो नंतर, एवढा क्रम तरी ठेवायला हवा ना.

---

जुना ठाणेदार

खात्यात तीस वर्षांच्या वर काढली, शेवटची काही वर्षं ठाणं सांभाळलं. नाव-गाव विचारू नका.

खारफुटीताई, तुमचं निदान बरोबर आहे, पण तुम्ही ते बाहेरून केलंय. आतून कसं असतं ते सांगतो. रात्री साडेनऊची वेळ. ठाण्यात हजर माणसं किती, तर ड्यूटी अंमलदार, वायरलेसवाला, दोन-चार अंमलदार, बाकीचे बंदोबस्ताला. बाहेर तीनशेचा जमाव. पुढे एक स्थानिक पुढारी, त्याचा फोन सतत चालू. मागणी एकच, "गुन्हा दाखल करा आणि आमच्यासमोर गाडीत घाला." एसआरपीची तुकडी मागवली तर यायला दोन तास. वरिष्ठांना फोन केला तर उत्तर काय येतं? "परिस्थिती चिघळू देऊ नका." याचा अर्थ प्रत्येक ठाणेदाराला कळतो आणि तो लेखी कधीच मिळत नाही.

त्या वेळी कलम वाचत बसायला कुणाला वेळ असतो? जे अजामीनपात्र आहे ते लावा, पोराला आत घ्या, जमाव घोषणा देऊन घरी जातो. गाव वाचलं. सकाळी कोर्टाने जामीन दिला तर कोर्टाने दिला, आमच्यावर बोट नाही. आणि खरं सांगू, त्या रात्री ते पोरगं बाहेर असतं तर त्याची हाडं मोडली असती. लॉकअपमध्ये निदान डोक्यावर छप्पर असतं.

हे बरोबर आहे असं म्हणत नाही. हे असं का होतं ते सांगतोय. पालघरला अधिकारी निलंबित झाले तेव्हा खात्यात सगळ्यांनी एकच धडा घेतला, तो तुम्हाला वाटतो तो नाही. लोक म्हणाले, "अटक केली म्हणून गेला, नसती केली आणि दंगल झाली असती तर जन्मात पोस्टिंग मिळालं नसतं." दोन्हीकडून फाशी असेल तर माणूस कमी वेदनेची निवडतो.

---

न्यूजर्सीकर

ठाणेदारसाहेब, प्रतिसाद वाचून थबकलो. इतकं सरळ कुणी लिहीत नाही.

तिकडे आणि इकडे तुलना करायचा मोह होतोच. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यात सुप्रीम कोर्टाने कू क्लक्स क्लॅनच्या माणसाचीसुद्धा शिक्षा रद्द केली होती. कसोटी अशी की तातडीने बेकायदा कृत्य घडावं या उद्देशाने बोललं गेलं असेल आणि ते घडण्याची दाट शक्यता असेल, तरच गुन्हा. श्रेया सिंघल निकालात नरिमन यांनी अमेरिकन निकालांचा बराच ऊहापोह केला आहे.

---

मूषकराज

आणि मग तुमच्याच देशात मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या लोकांनी रस्त्यावरून उचललं. कशासाठी? विद्यापीठाच्या वृत्तपत्रात चौघांनी मिळून लिहिलेल्या लेखासाठी. सहा आठवडे लुइझियानात डांबलं. ब्रँडनबर्ग सुट्टीवर होते वाटतं.

---

न्यूजर्सीकर

टोला मान्य. आणि तो फक्त तिच्यापुरता नाही. आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आता व्हिसावर असलेली पोरं राजकीय बातमीला अंगठासुद्धा दाखवत नाहीत. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलंय. नागरिकाला अमेरिकन संविधानाच्या (अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या) पहिल्या घटनादुरुस्तीचं पूर्ण कवच आणि पाहुण्याला तेच कवच सरकार काढून घेऊ बघतंय. म्हणून तर म्हणतो, कागदावर लिहिलेली कसोटी कितीही उत्तम असली तरी पकडणाऱ्याला अडवणारं त्या क्षणी कुणी नसेल तर उपयोग काय.

---

काळा कोट

उशिरा आलो, कोर्टात होतो. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो, कारण वर सगळे "पोलिसांपुढे पर्याय नसतो" असं धरून चालले आहेत. असतो.

ठाणेदारसाहेब म्हणाले की जमाव गुन्हा दाखल करा म्हणतो. ललिता कुमारी निकालानंतर (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यावाच लागतो, अशी पोलिसांची तक्रार असायची आणि ती खोटी नव्हती. पण १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये सोय आहे की तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर उपअधीक्षकाची परवानगी घेऊन चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, मग ठरवायचं. जुन्या १५३-ए चं नवं रूप भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, २९५-ए चं २९९. दोन्हींची मूळ शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे तुमची सगळी स्टेटस-प्रकरणं याच खिडकीत बसतात.

यावर २८ मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी निकाल आहे. काँग्रेसच्या या खासदाराने एका व्हिडिओखाली कविता लावली म्हणून जामनगरला गुन्हा झाला होता. न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी तो रद्द करताना सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी १७३(३) चा मार्ग सामान्यतः घेतलाच पाहिजे. गंमत म्हणजे ती कविता अन्याय प्रेमाने सोसू असं सांगणारी होती. कुणी शेवटपर्यंत वाचली असती तर गुन्हा झालाच नसता.

दुसरं, एफआयआर म्हणजे अटक नव्हे. लोकांच्या डोक्यात हे दोन्ही एकच झालेत आणि पोलिसांनाही ते सोयीचं पडतं. अर्नेश कुमार निकालापासून (२०१४) सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची नोटीस, पूर्वी ४१-ए ची आणि आता ३५(३) ची. अटक करायचीच असेल तर का गरज आहे ते लेखी नोंदवायचं. "जमाव शांत व्हावा म्हणून" हे त्या यादीत कुठेही नाही.

तिसरं, जामीन मिळाला म्हणजे सुटला असं कुणी समजू नका. जादवपूर विद्यापीठाचे प्रा. अंबिकेश महापात्र यांनी एप्रिल २०१२ मध्ये ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं. दोषमुक्त कधी झाले? जानेवारी २०२३. मधली सगळी वर्षं तारखा. पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी, भाड्याचं घर, सगळीकडे "गुन्हा प्रलंबित आहे का" हा रकाना असतो. शिक्षा निकालात नसते, त्या रकान्यात असते.

---

ऑरेंजसिटी

वकीलसाहेब, त्या प्रतापगढी निकालातलं एक राहिलं ना जी, आणि ते आमच्या नागपूरचं आहे म्हणून सांगतोच.

बोललेल्या शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेतून मोजायचा? यावर कोर्टाने जी कसोटी वापरली ती १९४६ सालची. भगवती चरण शुक्ल खटला, नागपूर हायकोर्ट, न्या. विवियन बोस. त्यांनी लिहून ठेवलंय की मोजमाप विचारी, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने करायचं. कच्च्या मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नाही. इंग्रजांचं राज्य असताना, युद्ध नुकतंच संपलेलं असताना एका न्यायाधीशाने नागपुरात बसून हे लिहिलं. पंचगंगाकाठ भाऊ म्हणतात तशी दिल्लीत बसून केलेली वाटणी नाही ती, आपल्याच मातीतली आहे.

आज एफआयआरमध्ये फिर्यादी कोण असतो पाहा. "माझ्या भावना दुखावल्या." म्हणजे बोस साहेबांनी ज्याच्या नजरेने मोजू नका म्हटलं, नेमका तोच फिर्यादी.

---

पंचगंगाकाठ

भाऊ, इतिहास भारी आहे, मानलं. पण धीट आणि विचारी माणूस त्या दिवशी चौकात नव्हता. तो घरी दार लावून बसलेला. कायदा धीट माणसासाठी लिहायचा आणि बंदोबस्त बिथरलेल्यांचा करायचा, हे गणित ठाणेदारसाहेबांनी तरी कसं जुळवायचं?

आणि अफवांचं काय? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज फिरले आणि बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ठेचून मारली. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं. तिथं पण चर्चा की पुरस्कार बघत बसायचं?

---

खारफुटी

राईनपाडा मी मुद्दाम टाळलं नव्हतं, आणलंत ते बरं झालं, कारण माझ्या मते ते उलट सिद्ध करतं.

तो मेसेज मत नव्हता. धडधडीत खोटी माहिती, आणि ती पसरवणं तेव्हाही गुन्हाच होता. त्या पाचजणांना मारायला गावकऱ्यांनी कलम विचारलं नाही, आणि ती वाचली नाहीत ती कायदा अपुरा होता म्हणून नाही. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, आणि पोलीस पोचले तेव्हा संख्या कमी होती. ठाणेदारसाहेबांचं तेच दुखणं, फक्त दुसऱ्या टोकाने. बंदोबस्ताला माणसं नाहीत म्हणून राईनपाड्यात माणसं मेली आणि बंदोबस्ताला माणसं नाहीत म्हणून पालघरला मुली आत गेल्या. दोन्हीला उत्तर म्हणून आपल्याला दर वेळी मिळतं काय, तर आणखी एक कलम.

सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या रंगराजन निकालात हे स्पष्ट सांगितलंय. तमिळ चित्रपट होता, आरक्षणावरचा, विरोध होईल म्हणून प्रमाणपत्र काढून घेतलेलं. कोर्ट म्हणालं, निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, विरोधी जमावाला आवरता येत नाही अशी सबब सरकारला सांगता येणार नाही. आवरणं हेच त्याचं काम.

---

जुना ठाणेदार

ताई, मुद्दा पोचला. माझ्याच कामातली एक गोष्ट जोडतो.

एकदा अशाच रात्री मी पोराला आरोपी केलं नव्हतं. जबाब नोंदवायला म्हणून आणलं, स्टेशन डायरीला नोंद टाकली की जिवाला धोका असल्याने ठाण्यात बसवून ठेवलं आहे, आणि पहाटे साध्या गाडीतून मामाकडे पोचवलं. जमावाला सांगितलं, "आत आहे, चौकशी चालू आहे." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. सकाळी पुढारी आला चिडून, पण सकाळी त्याच्या मागे पंधराच माणसं होती. रात्रीचे तीनशे आणि सकाळचे पंधरा, हा फरक प्रत्येक ठाणेदाराला माहीत असतो. त्याला रात्र काढायची असते. वकीलसाहेब म्हणतात ते चौदा दिवस खरोखर वापरायला मिळाले तर रात्र निघते.

पण त्यासाठी उपअधीक्षकाने रात्री फोन उचलून "हो, परवानगी देतो, लेखी पाठवतो" म्हणायला हवं. इथे येऊन अडतं.

---

सुमन_कर्वेनगर

मी सत्तरीच्या पुढची. तुम्हा मुलांची चर्चा वाचत होते. आणीबाणीत मी कॉलेजात होते, पुण्यात. आमच्या घरी 'साधना' यायचं, अंक हातात आला की आधी वडील मागून-पुढून बघायचे, काय राहिलं काय गेलं ते. त्या वेळी भीती सरकारची होती, जमावाची नव्हती. जमाव उलट गप्प होता, हेच तर दुःख होतं. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या त्याचं अप्रूप म्हणूनच.

आणि कोर्ट वाचवतं यावर फार विसंबू नका. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा डांबलेल्यालाही कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना. बाजूने असलेल्यांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. तो निकाल चुकीचा होता असं २०१७ मध्ये लिहिलं त्यांच्याच चिरंजीवांनी. एकेचाळीस वर्षांनी.

सरकार आता मिसाबंदींना, म्हणजे आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना, मानधन देतं. महिना दहा हजार होतं, २०२५ मध्ये दुप्पट केलं. आनंदच आहे. फक्त त्याच वर्षीच्या जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, एवढं एका पानावर शेजारी शेजारी लिहून बघा.

---

कडक चहा

सुमनकाकू, आदर आहे, पण हे जोडणं ओढूनताणून आहे. जनसुरक्षा नक्षल्यांच्या शहरी संघटनांसाठी आहे. संयुक्त समितीने "व्यक्ती आणि संघटना" हे शब्द काढून "कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटना" केलं. सल्लागार मंडळ आहे. गडचिरोलीत जवान मेले तेव्हा हे धागे कुठे असतात?

---

ऑरेंजसिटी

कडक चहा, गडचिरोली आमच्यापासून जवळ आहे, आम्हाला जवान मेल्याचं कळतं. प्रश्न व्याख्येचा आहे. "प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं किंवा तसा उपदेश करणं" हेसुद्धा त्या विधेयकात बेकायदेशीर कृत्य आहे. १९३० साली शिरोड्याला मीठ उचलणारे यात आरामात बसतात. "तशा" या दोन अक्षरांत कोण बसेल ते उद्याचा गृहमंत्री ठरवेल, आणि तो तुमच्या पक्षाचाच असेल याची हमी आहे का तुमच्याकडे?

---

कडक चहा

हमी नाही. पण स्फोट झाल्यावर व्याख्या शोधत बसायची का? केंद्राच्या यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात संघटनांवर आधीच बंदी आहे, त्या नावं बदलून फिरतात, म्हणून राज्याचा कायदा. पटत नसेल तर सोडा.

---

काळा कोट

हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे नको. फक्त एक ऐतिहासिक नोंद, कारण "आपले" आणि "त्यांचे" सुरू झालंय. २६ मे १९५० ला सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या डाव्या साप्ताहिकाच्या बाजूने, ज्याला मद्रास सरकारने राज्यात बंदी घातली होती. दुसरा संघाच्या विचारांच्या 'ऑर्गनायझर'च्या बाजूने, ज्याला दिल्लीत छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायला सांगितलं होतं. डावे आणि संघवाले एकाच दिवशी, एकाच अनुच्छेदावर जिंकले. सरकारने उत्तर म्हणून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून "सार्वजनिक सुव्यवस्था" हे नवं कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांच्या अनुच्छेद १९(२) मध्ये घातलं. त्याबरोबर निर्बंध "वाजवी" असले पाहिजेत हा शब्दही आला, ज्यावर पुढे आम्ही सगळे वकील जगतो.

तीच ती सार्वजनिक सुव्यवस्था, जिच्या नावाने आज स्टेटस ठेवणारा आत जातो.

---

मूषकराज

सुव्यवस्थेवरून आठवलं. तुमच्या जिल्ह्याच्या पेपरात दर पंधरा दिवसांनी येणारी बातमी कुणी पूर्ण वाचलीय का? "जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७(१)(३) लागू." पंधरा दिवसांच्या वर चालवायचं तर सरकारची मंजुरी लागते, म्हणून संपला की नवा काढायचा. आमच्याकडे गणपती, ईद, नवरात्र, निवडणूक, दहावीची परीक्षा, एवढं सगळं करता करता वर्ष पूर्ण होतं. त्यात मनाई कशाला? शस्त्रं, दगड ठीकच. पण पुढे "जाहीरपणे घोषणा करणे, गाणे म्हणणे, वाद्य वाजविणे", शिवाय "अंगविक्षेप".

आमच्या लग्नाच्या वरातीत तिन्ही झालं. अजून नोटीस आलेली नाही.

---

पंचगंगाकाठ

😄 मूषकराज, तुम्हाला एक दिवस अंगविक्षेपातच उचलणार.

बरं, ठाणेदारसाहेबांची ती मामाकडे पोचवलेली गोष्ट मला पटली. तसं करता येत असेल तर माझा आक्षेप निम्मा झाला. उरलेला निम्मा दुकानाचा आहे, तो राहणार. जे दगड मारतात त्यांच्याकडून वसुली झाल्याचं मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

वकीलसाहेब, एक कामाचा प्रश्न. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपचा मी ॲडमिन. दोन वर्षांपूर्वी एकाने काहीतरी टाकलं, तर ठाण्यातून मला फोन, "ॲडमिन तुम्ही, जबाबदारी तुमची." तेव्हापासून सेटिंग बदलून "फक्त ॲडमिन" करून ठेवलंय. सगळे शिव्या घालतात, भाव पण टाकता येत नाही. खरंच माझ्यावर येतं का?

---

काळा कोट

नुसता ॲडमिन आहे म्हणून येत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्वच्छ सांगितलं. सदस्याने ग्रुपवर एका महिलेबद्दल घाणेरडं लिहिलं, ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवर गुन्हा होता. कोर्टाने तो रद्द केला. ॲडमिनला माणसं घेता-काढता येतात, पण कोण काय टाकणार ते आधी तपासता येत नाही. त्यामुळे दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या पोस्टची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही.

तेव्हा सेटिंग उघडा, भाव येऊ द्या. नुसत्या फोनवर कुणी बोलावलं तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून आहे की आरोपी म्हणून, ते त्यात लिहिलेलं असतं. नोटीस आली तर जा, टाळू नका, जाताना वकील किंवा निदान घरातलं कुणीतरी बरोबर न्या. मोबाइल मागितला तर जप्ती पंचनामा केल्याशिवाय देऊ नका आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. नव्या संहितेत जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय, कलम १०५. ते करताय ना, एवढं विचारा.